तीन नावांची बाई

रेडिओवर फोन करणारी माणसं दोनच जातीची असतात, असं कोनाडूचं पक्कं मत होतं. एक, ज्यांच्या पोटात दुखतंय ती. आणि दुसरी, ज्यांच्या पोटात कुणीतरी जेवण घातलंय ती. अकरा वर्षं ओबियारा एफएमच्या चिमुकल्या खोलीत, काचेच्या अलीकडे बसून ती हीच निवड करत आली होती. फोन आधी तिच्याकडे यायचा. तिनं बटण दाबलं तरच तो काचेपलीकडे निवेदक बोआकयेकडे जायचा आणि तिथून सगळ्या अमानक्रोमच्या आणि आजूबाजूच्या चाळीस खेड्यांच्या कानात.

बोआकयेचा कार्यक्रम सकाळी सहा ते नऊ. नाव ‘येन्का’, म्हणजे ‘बोलूया’. लोक चहा ढवळता ढवळता ऐकायचे, ट्रोट्रोचे, म्हणजे भाड्याच्या मिनीबसचे, ड्रायव्हर ऐकायचे, आणि ऑनरेबल अम्पोन्सा तर दात घासतानाच ऐकायचे. अम्पोन्सा जिल्ह्याचे डीसीई, म्हणजे मुख्य प्रशासक. त्यांना निवडून कुणी दिलेलं नव्हतं, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं होतं, त्यामुळे मतांची भीती त्यांना बिलकूल नव्हती. भीती होती ती रेडिओची. कारण राजधानी अक्रात बसलेले वरचे लोक जिल्ह्याचे रस्ते बघायला कधी यायचे नाहीत, पण तुमच्या जिल्ह्यात रेडिओवर काय बोलतात हे मात्र न चुकता विचारायचे.

हे गणित राजकारण्यांना केव्हाच उमगलं होतं. बसस्टँडमागच्या टपरीत दोन्ही पक्षांचे भाडोत्री बोलणारे समोरासमोरच्या दोन बाकांवर बसत. सकाळी त्यांना विषय वाटले जात. मग एकच गृहस्थ सहा वाजता ‘त्रासलेला ड्रायव्हर’ असे आणि आठ वाजता ‘समाधानी शेतकरी’. कोनाडू त्या सगळ्यांना खोकल्यावरून ओळखायची. कुणी नव्या नावानं आला की ती गोड आवाजात म्हणायची, “काल तुमची बायको बाळंत झाली होती ना हो? आज लगेच ब्रह्मचारी झालात?” आणि फोन ठेवून द्यायची. गावात म्हणतच, की कोनाडूचा कान म्हणजे पोलिसांचं कुत्रं.

तर अशा या कानावर एका मंगळवारी असुओग्या गावच्या बाईचा फोन आला.

“कोण बोलतंय?” बोआकयेनं विचारलं.

“फोसुआ, असुओग्याची.” आवाज म्हातारा, नाकातून येणारा, चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबणारा. “आमच्याकडे सरकारनं दवाखाना बांधलाय, बाबा. भिंती पिवळ्या आहेत, खाटा आहेत, खाटांवर प्लास्टिक आहे. दोन वर्षं झाली, दाराला कुलूप आहे. माझ्या लेकराला ताप आला तेव्हा आम्ही त्याला घेऊन त्या कुलपासमोर बसलो होतो. कुलपानं काही औषध दिलं नाही.”

बोआकये हसला, आणि मग हसल्याची लाज वाटून भडकला. चौकशी झाली. निघालं ते असं: दवाखाना तयार होता, नर्स नेमलेली होती, ती तालुक्याला बसून पगार खात होती. राहिलं होतं फक्त उद्घाटन. मंत्र्यांच्या नावाचा दगड कोरून झाला आणि मंत्रीच बदलला. नव्या मंत्र्यांना दुसऱ्याच्या नावाच्या दगडाशेजारी फीत कापायची नव्हती, आणि नव्या दगडाचा कागद दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होता. आपल्याकडे इमारतीला दार असतं ते माणसांनी आत जाण्यासाठी नव्हे, फीत बांधण्यासाठी.

पुढच्या आठवड्यात पोकुआचा फोन आला. तीही असुओग्याची. तिच्या सासूला साप चावला होता. आणि त्यानंतर अचिआचा. तिला सातवा महिना होता. आधीचं मूल तालुक्याच्या छत्तीस किलोमीटरच्या रस्त्यावर, कसाव्याच्या पोत्यांवर, पिकअपच्या मागच्या भागात जन्मलं आणि तिथंच गेलं होतं. ओढा भरला की दोन महिने तोही रस्ता बंद. “ऑनरेबलना सांगा, दगड नंतर लावा,” फोनवरचा आवाज म्हणाला. “एका हाताने आंघोळ करता येते बाबा, पण पाठ घासता येत नाही. आमचा हात पोहोचत नाही म्हणून तुमचा मागतोय.”

त्या दिवशी फोनांची रीघ लागली. शिक्षक बोलले, पाद्री बोलले, बाजारातल्या मासेवाल्या बोलल्या. अक्राच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. डीसीई कार्यालयाला पत्रक काढून सांगावं लागलं की उद्घाटन लवकरच होईल. बोआकये खुशीत होता. कोनाडू मात्र गप्प होती, कारण तिन्ही बायकांचा आवाज एकच होता.

ते तिला दुसऱ्या फोनलाच कळलं होतं. पण तिनं बटण दाबलं होतं. विषय खरा होता, कुलूप खरं होतं, आणि खरं सांगायचं तर कार्यक्रम रंगत होता. पाणी कुठेतरी मुरतंय हे ठाऊक असून ती तीन आठवडे त्या भिंतीकडे पाठ करून बसली.

मग एका शुक्रवारी दुपारी ऑनरेबल अम्पोन्सा स्वतः स्टेशनवर आले. ताकाला येऊन भांडं लपवणारा माणूस नव्हता तो, त्यांनी भांडं सरळ टेबलावर ठेवलं. जिल्ह्याच्या सगळ्या सरकारी घोषणा ओबियारावरून जात, लसीकरणाच्या, करांच्या, हरवलेल्या गुरांच्या, आणि स्टेशनची चूल त्यावरच पेटायची. तो करार जानेवारीत संपत होता.

“कोनाडू, तुझा कान म्हणे फार तिखट,” ऑनरेबल म्हणाले. “मग त्या असुओग्याच्या तिघी तुला वेगवेगळ्या वाटल्या?”

“बहिणी असतील, ऑनरेबल.”

“बहिणी असोत की मावश्या, मला काय! निवडणुका पुढच्या वर्षी आहेत. समोरचा पक्ष एखाद्या म्हातारीला चार पैसे देऊन तुमच्या माइकवर नाचवतोय, आणि तुमच्यासारखी हुशार बाई टाळ्या वाजवतेय, याचंच वाईट वाटतं बघ.”

मालक अडुसेई मागे उभा राहून रुमालानं मान पुसत होता. ऑनरेबल गेल्यावर तो एवढंच म्हणाला, “खोटं तर काही करायचं नाहीये आपल्याला. खरं तेच सांगायचंय.” कोनाडूनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पण संशयाला एकदा बसायला पाट दिला की तो ताट मागतोच. शनिवारभर तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली. एका खेड्यातली म्हातारी, इतकं घोटीव बोलते? प्रत्येक फोनला नेमकी एकच गोष्ट, नेमका एक चिमटा, नेमकी एक म्हण? कुणीतरी लिहून देतंय. आणि दर वेळी एवढा वेळ फोन करायला बॅलन्स कोण भरतं? रविवारी चर्चमधून परत येईपर्यंत तिची खात्री पटली होती. आणि खात्री पटली म्हणजे आपण ऑनरेबलचं ऐकलं असं होत नाही, हीसुद्धा.

सोमवारी आवाज आला. “अचिआ, असुओग्याची.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा कोनाडूनं स्वतःचा माइक उघडला. “आजी, एक मिनिट थांबा,” ती म्हणाली, आणि तिन्ही जुन्या फोनांचे तुकडे एकामागून एक लावले. फोसुआ. पोकुआ. अचिआ. तेच नाक, तोच श्वास. “आता सांगा, तुमची नावं तरी किती?”

पलीकडे श्वास थांबला. “पोरी,” आवाज म्हणाला, “नावं माझी नाहीत, ती...”

“तेच म्हणते मी!” कोनाडू म्हणाली आणि तिनं बटण सोडून फोन तोडला.

सगळा जिल्हा हसला. दुपारपर्यंत बाजारात ‘तीन नावांची बाई’ हा विनोद झाला होता. सत्ताधारी बाकावरचे भाडोत्री ‘फसवला गेलेला नागरिक’ बनून बोलले, विरोधी बाकावरचे ‘आमचा संबंध नाही’ म्हणून बोलले. संध्याकाळी डीसीई कार्यालयाचं पत्रक आलं: असुओग्याची तक्रार विकत घेतलेली आहे, उद्घाटन योग्य वेळी होईल. ‘लवकरच’चं ‘योग्य वेळी’ झालेलं कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोनाडूच्या आलं.

मंगळवारी असुओग्याहून फोन आला नाही. बुधवारीही नाही. आणि हेच तिला टोचायला लागलं. भाडोत्री आवाज पकडला गेला तर लाजत नाही, दुसऱ्या दिवशी चौथं नाव घेऊन येतो. लाजतो तो कोण मग?

पण मालकाला घाई झाली होती. ऑनरेबलचा निरोप होता, की पैसे कोण देतं ते शोधा. बोआकयेनं तर बुधवारपासूनच दवंडी पिटायला सुरुवात केली: “उद्या साडेआठला, थेट असुओग्याहून! तीन नावांच्या बाईचा बोलविता धनी कोण?” गुरुवारी उजाडायच्या आत कोनाडू पहिल्या ट्रोट्रोत बसली. फाट्यावर उतरून तास-दीड तास चालली. ओढ्याला गुडघ्याएवढं पाणी आलं होतं.

गावात ती शिरली तीच फौजदाराच्या नजरेनं. नवे पत्रे कुठे आहेत? नव्या मोटरसायकली? पक्षाच्या रंगाचं कापड कुणाच्या अंगावर आहे? पत्रे गंजलेले होते, कापडं विटलेली होती. मग एका अंगणात, चुलीच्या कडेला, तिला ढीग दिसला. खरवडलेली रिचार्जची कार्डं, पंधरा-वीस तरी. तिला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी बरंही. सापडलं! तिनं वाकून फोटो काढला.

“कार्डांचे फोटो काढतेस होय?” मागून आवाज आला. “मग सरळ घेऊनच जा की. पोरांना खेळायला होतील.”

नाकातून येणारा, चार शब्दांनंतर थांबणारा. काठी टेकत उभी असलेली ती बाई सत्तरीच्या पुढची होती. एनो पोमा म्हणत तिला. एनो म्हणजे म्हातारी आई. तिच्या मागे दहा-बारा बायका गोळा झाल्या होत्या, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर स्वागत नव्हतं.

“मी ओबियारा एफएमची...”

“आवाज ओळखला,” एनो पोमा म्हणाली. “आम्हालाही कान आहेत. चल, राणीआई वाट बघतेय. फोन लागतो तिथंच बसलो आहोत.”

सगळ्या असुओग्यात फोन लागायचा तो फक्त एका ठिकाणी, उंच चौथऱ्यावर. आणि तो चौथरा म्हणजे दवाखान्याची ओसरी. पिवळी भिंत, काचेतून दिसणाऱ्या प्लास्टिक घातलेल्या खाटा, आणि दाराला कोनाडूच्या मुठीएवढं कुलूप. ओसरीवर शेळ्यांच्या लेंड्या झाडून स्टूल मांडलं होतं, त्यावर गावची राणीआई, म्हणजे गावाची प्रमुख स्त्री, बसली होती, सुकलेली, डोळे मिटल्यासारखी. पायरीवर एक तरणी बाई पोट सांभाळून टेकली होती. कोनाडूला आधी पाणी दिलं. वैऱ्यालाही पाणी देऊन मगच कारण विचारायचं, ही रीत. पाणी पिऊन होईपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग राणीआईचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही. एनो पोमा तिच्या तोंडापाशी वाकली, सरळ झाली आणि मोठ्याने म्हणाली, “मी या गावाची आई आहे. माझं घर शांत आहे. तू कशासाठी आलीस ते सांग.”

कोनाडूच्या हातातला पाण्याचा वाडगा तसाच राहिला.

ओकियामे! राणीआईचा शब्द लोकांपर्यंत आणि लोकांचा शब्द राणीआईपर्यंत नेणारी. मोठ्या माणसाशी थेट बोलायचं नाही, शब्द मध्ये कुणाच्या तरी हातून जायला हवा, हे तर अकान जमातीच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोनाडू स्वतः अशाच घरातली. पण ओकियामे दरबारात असते, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन. ती फोनवर येईल हे तिच्या तिखट कानाला सुचलंच नव्हतं.

“म्हणजे ते फोन... ती नावं...” ती चाचरली.

“शब्द ज्याचा, नाव त्याचं,” एनो पोमा म्हणाली. “तुझा माणूस विचारायचा कोण बोलतंय. फोसुआचा शब्द असेल तर फोसुआ, अचिआचा असेल तर अचिआ. माझं नाव कशाला सांगू? गुडघे सोडले तर माझं काही दुखत नाही.”

“आणि ही कार्डं?”

“ज्या घराचा शब्द, त्या घराचं कार्ड. आता विचार, त्यांना पैसे कोण देतं. ते म्हणतील कसावा देतो. मग जा कसाव्याकडे.”

बायका हसल्या नाहीत. कोनाडू पायरीवरच्या तरण्या बाईकडे वळली. “तू अचिआ ना? तू स्वतः का नाही बोललीस गं?”

अचिआनं खाली बघितलं. उत्तर एनो पोमानं दिलं. “मोठ्या माणसासमोर दुखावलेलं माणूस रडतं, नाहीतर शिवी देतं. दोन्हीचा उपयोग नाही. म्हणून शब्द आधी माझ्याकडे येतो. मी तो धुते, वाळवते आणि पुढे देते. चाळीस वर्षं देतेय. सोमवारी तू भर जिल्ह्यात मला खोटी म्हणालीस. खोट्या ठरलेल्या तोंडातून आता शब्द जात नाही. गाव मुकं झालंय.”

“आणि आता तू सांग,” घोळक्यातून एक बाई पुढे झाली. हीच फोसुआ. “तुला कोण देतं?”

“मला पगार आहे.”

“पगार कोण देतं?”

“मालक.”

“आणि मालकाला?”

घोषणांचा करार तिच्या डोळ्यांसमोर आला, रुमालानं मान पुसणारा अडुसेई आला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आपण, आणि तेही सगळ्या जिल्ह्याला हसवून. तिला स्वतःची लाज वाटली. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

“मला माफी मागायची आहे,” ती म्हणाली. “राणीआईची आणि एनोची. साडेआठला फोन येईल, तेव्हा सगळ्यांसमोर.”

राणीआईचे ओठ हलले. “राणीआई म्हणते, माफी चांगली गोष्ट आहे,” एनो पोमा म्हणाली. “पण थेट तिच्याकडे कशी येणार? कुणाच्या तरी तोंडून यायला हवी.”

“दुसरी ओकियामे आहे का गावात?”

“नाही.”

आता मात्र दोघीतिघी तोंडाला कापड लावून हसल्या. एनो पोमासुद्धा गालातल्या गालात. “माझी माफी माझ्याच तोंडून माझ्यापर्यंत यायची. वाट लांबची आहे, पण दुसरी नाही. बस इथं. तुझा शब्द दे.”

कोनाडू तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, “सांग, की माझी चूक झाली. मी तुझं काम ओळखलं नाही. मला वाटलं तू भाडोत्री आहेस.”

म्हातारीनं मान हलवली. “हा अर्धा आहे. अर्धा शब्द मी उचलत नाही. माझा आवाज तू कधी ओळखलास?”

“...दुसऱ्या फोनला.”

“मग इतके दिवस गप्प का होतीस? आणि सोमवारीच का बोललीस?”

कोनाडूनं मागे बघितलं. बायका लांब नव्हत्या. ती एनोच्या कानाशी गेली आणि शुक्रवारची दुपार सांगितली. ऑनरेबल, करार, मालकाचा रुमाल, होही न म्हणणं आणि नाहीही. सांगताना ती शब्द कमी कमी करत होती, आणि मनात एकच घोकत होती, की ही जुनी खेळाडू आहे, धुऊन वाळवून देते म्हणाली, हेही धुवेल. पण तिला खात्री नव्हती. ही म्हातारी तिचं काय देणं लागत होती? आज तिच्या हातात सुरी होती आणि कोनाडूनं स्वतः मान पुढे केली होती.

फोन वाजला.

“...आणि आता थेट असुओग्याहून!” बोआकयेचा आवाज नाचत होता. “सगळा जिल्हा कान टवकारून बसलाय! बोल कोनाडू, बोलविता धनी सापडला का?”

एका वाक्यात सगळं भागलं असतं. गैरसमज झाला, बाई गावची प्रतिनिधी आहे, क्षमस्व, आणि आता एक गाणं. करार राहिला असता, नोकरी राहिली असती. दवाखान्याचं ‘योग्य वेळी’ तसंच राहिलं असतं. पायरीवर अचिआ पोटावर हात ठेवून तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत विश्वास अजिबात नव्हता.

कोनाडूनं फोनचा स्पीकर लावला आणि तो म्हातारीच्या तोंडासमोर धरला.

“हॅलो? कोण बोलतंय?” बोआकये गोंधळला.

“आफिया कोनाडू बोलतेय,” एनो पोमा म्हणाली. “ओबियारा एफएमची. सोमवारी मी एनो पोमाला खोटी म्हणाले. ती खोटी नव्हती. ती या गावची ओकियामे आहे. तिनं ज्यांचा शब्द आणला त्यांची नावं सांगितली, आणि ती माणसं माझ्यासमोर बसली आहेत. फोसुआ बसली आहे. पोकुआ बसली आहे. अचिआ बसली आहे, तिला आठवा लागलाय. कुलूपसुद्धा समोर आहे.”

श्वासासाठी ती थांबली.

“मला तिचा आवाज दुसऱ्या फोनलाच कळला होता. मी बोलले नाही, कारण कार्यक्रम चांगला चालला होता. मग शुक्रवारी ऑनरेबल अम्पोन्सा आमच्याकडे आले. त्यांनी घोषणांच्या कराराची आठवण दिली आणि या बाईला पकडा म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं नाही. सोमवारी मी जे केलं ते खरं शोधायला केलं नाही. भिऊन केलं. इथं मी विचारायला आले होते की या बायकांना कोण पैसे देतं. त्यांनी मला विचारलं की तुला कोण देतं, आणि मला उत्तर देता आलं नाही. मी राणीआईची माफी मागते. मी एनो पोमाची माफी मागते. ती बाई मला आवडत नाही, पण ती खोटी नाही.”

हे शेवटचं कोनाडूनं सांगितलंच नव्हतं. पण ते खरं होतं.

एनो पोमा तिच्याकडे वळली. काम अजून पुरं झालं नव्हतं. ज्याचा शब्द, त्याला विचारावं लागतं. “शब्द बरोबर पोहोचला का?”

कोनाडूला अडुसेईचा चेहरा दिसला, घराचं भाडं दिसलं, आणि बाजारातून जाताना मागे फिरणाऱ्या माना दिसल्या. नाही म्हणायला एकच शब्द पुरला असता. म्हातारी परत खोटी पडली असती, या वेळी कायमची.

“पोहोचला,” ती म्हणाली.

“मोठ्याने बोल. लांब जायचंय त्याला.”

“बरोबर पोहोचला! एक शब्द कमी नाही.”

राणीआईनं डोळे उघडले, कोनाडूकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा, कागद पडल्याचा आवाज झाला. मग बोआकये बोलला, आणि त्याच्या आवाजातलं नाचणं गेलं होतं. “कोनाडू... एकवीस फोन थांबलेत. आणि... ऑनरेबल स्वतः लाइनवर आहेत.”

“माझ्या प्रिय बंधूभगिनींनो,” ऑनरेबल म्हणाले. आवाजाला इतका मध लावला होता की मुंग्या लागाव्यात. “थोडा गैरसमज झाला. काही लोकांनी माझ्या शब्दांचा विपर्यास केला, पण तो विषय आत्ता नको. असुओग्याच्या माझ्या माता माझ्यासाठी सर्वांत आधी आहेत. उद्घाटन होत राहील. नर्स आणि चावी मी आजच पाठवतो. आजच!”

ऑनरेबल टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या वाजल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघत होत्या. एनो पोमाचे डोळे बारीक झाले होते, आणि कोनाडूच्याही. दोघी एकाच वेळी तोंड उघडणार, तेवढ्यात अचिआ उठली. कमरेवर हात ठेवून, एक एक पाय टाकत ती आली आणि कोनाडूच्या हातातून तिनं फोन घेतला. एनो पोमानं हात पुढे केला, की शब्द आधी मला दे. अचिआनं मान हलवली.

“ऑनरेबल,” ती म्हणाली. शब्द तिचाच होता, न धुतलेला, न वाळवलेला. “मी अचिआ बोलतेय. मी स्वतः. आज म्हणजे किती वाजता?”